भांड्यावरचं नाव

वर्षश्राद्ध झालं आणि आजीचं साताऱ्याचं घर रिकामं करायचं ठरलं. काका, आत्या, आई, चुलतभाऊ बाहेरच्या खोलीत कागदपत्रं घेऊन बसले आणि भांड्यांचं काम माझ्याकडे आलं. माळ्यावरून दोन पोती खाली उतरवली, फडताळ रिकामं केलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसकण मारली. पितळ एकीकडे, तांबं एकीकडे, स्टील भिंतीशी. वाटणी करणं सोपं होतं, कारण जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव होतं. धाकट्या आत्याच्या लग्नातली परात, काकांच्या मुंजीत आलेला तांब्या, पणजोबांच्या स्मरणार्थ वाटलेल्या वाट्यांपैकी उरलेल्या चार. भांडं उजेडाकडे तिरकं धरायचं, नाव वाचायचं आणि ज्याचं त्याच्या ढिगात ठेवायचं.

एक पितळी फुलपात्र मात्र कुठल्याच ढिगात बसेना. ते इतकं काळं पडलं होतं की आधी नाव दिसलंच नाही. चिंच लावून घासलं तेव्हा काठाखाली अक्षरं उमटली. एका मुलीचं नाव आणि पुढे ‘शके १८७२’. आमच्या घरात त्या नावाचं कुणीच नव्हतं. आईला विचारलं, काकांना विचारलं. शेवटी मोठ्या आत्याने चष्मा पुसला, फुलपात्र खिडकीशी नेलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “अगं, हे आईचं माहेरचं नाव.”

ते नाव मी इथे लिहीत नाही. आजीने ते आम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. १९५० साली, अठरा वर्षांची असताना, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. ती गेली तेव्हा त्यांतलं कुणीच उरलं नव्हतं. उरलं होतं ते हे बोटभर उंचीचं फुलपात्र, ज्यातून तिने सत्तर वर्षं पाणी प्यायलं असेल किंवा एकदाही प्यायलं नसेल.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून भांड्यांवरची नावं जात नाहीत.

लहानपणी आजीबरोबर भांड्यांच्या दुकानात जायचं ते मला खरेदीपेक्षा नाव घालण्यासाठी आवडायचं. दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ मांडी घालून बसलेले असत. भांडं गुडघ्यात दाबून धरत, डाव्या हातात टोकदार खिळ्यासारखी छिन्नी, उजव्यात छोटीशी हातोडी, आणि टिकटिक टिकटिक करत ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर तयार व्हायचं. आजी कागदावर मजकूर लिहूनच न्यायची, कारण तिथे खाडाखोड चालत नाही. अनुस्वार राहिला की पुढच्या तीन पिढ्या तो राहिलेलाच. ‘चि.’ कुणाला, ‘सौ. कां.’ कुणाला, ‘कै.’ कुणाला, हे मराठी मला शाळेआधी त्या पायरीवर कळलं. पुढे विजेवरचं यंत्र आलं. किर्रर्र आवाज करत ते भराभर लिहायचं. अक्षर वळणदार झालं, पण मला ती ठिपक्यांची, थोडी कललेली अक्षरं जवळची वाटतात. ती बोटाला लागतात. डोळे मिटूनही वाचता येतात.

नाव घालण्याचं कारण साधं होतं. कार्य निघालं की आळीतल्या सगळ्या घरांतली भांडी एका मांडवात जमत. दुसऱ्या दिवशी बायका ती नावं वाचून घरोघर पोचवत. म्हणजे नाव घालायचं ते भांडं दुसऱ्याच्या घरी जाणार म्हणून. माझ्याच घरात राहणाऱ्या वस्तूवर मी नाव कशाला लिहीन? हे मला आता सुचतंय. त्या वेळी वाटायचं, नाव म्हणजे मालकी.

देशानेही त्या काळात आपल्या वस्तूंवर नावं घातली होती.

बाबांच्या मनगटावर एचएमटीचं ‘जनता’ होतं. पांढरी तबकडी, चावीचं घड्याळ, रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेला ते बाबा कानाशी धरून चावी द्यायचे. ‘जनता’ हे नाव त्या घड्याळांच्या तबकड्यांवर देवनागरीतही येत असे. हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ सालचा, आणि तिथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनायला लागली ती १९६१ पासून, बेंगळुरूला. मॉडेलांची नावं जनता, सुजाता, पायलट, कांचन, कोहिनूर. त्यांतलं ‘जनता’ हे मला आजही थांबायला लावतं. मनगटी घड्याळ तोवर साहेबाचं, वकिलाचं, फार तर लग्नात जावयाने रुसून मागून घेतलेलं. त्या वस्तूला कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून, ‘जनता’ म्हणायचं ठरवलं. वेळ सगळ्यांची आहे असं ते म्हणणं होतं. किती खरं झालं त्याबद्दल पुढे बोलते, पण म्हणावंसं वाटलं याचं मोल माझ्यापुरतं फार आहे.

मोटारीला ‘अँबॅसडर’, मोटारसायकलला ‘राजदूत’. एकच शब्द, एकदा इंग्रजीत चार चाकांवर आणि एकदा देशी भाषेत दोन चाकांवर. नुकता स्वतंत्र झालेला देश जगाकडे कसं पाहत होता ते त्या दोन नावांत आहे. स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, ‘चेतक’. काकांची चेतक सुरू व्हायच्या आधी एका बाजूला कलती करावी लागे. काका स्कूटर कलती करायचे तेव्हा मी दारात उभी राहून श्वास धरायचे, आणि सुरू झाली की घरातले सगळे एकदम बोलायला लागायचे.

यांतलं मूळचं इथलं काय होतं? अँबॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. राजदूत पोलंडच्या एका मोटारसायकलवरून घेतलेली. बजाजच्या स्कूटरींची सुरुवात इटलीच्या व्हेस्पापासून. पियाजिओ कंपनीबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. सगळ्या बाहेरून आल्या, उंबरठा ओलांडला, नाव बदललं आणि घरच्या झाल्या. आजीचं फुलपात्र हातात घेतलं की हे मला फार जाणवतं. आपल्याला परकं आपलंसं करायची एकच रीत माहीत आहे की काय, नवं नाव द्यायचं आणि जुनं विसरायचं? यंत्राला माहेर नसतं, म्हणून यंत्राचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं.

आकाशवाणीची सकाळची धून माझ्या पिढीच्या हाडांत आहे. अजून काळोख असायचा, बंबात पेटवलेल्या लाकडांचा धूर मोरीकडून यायचा आणि ते व्हायोलिन सुरू व्हायचं, मागे तंबोरा. शिवरंजनीच्या सुरांतली ती धून बांधणारा माणूस होता वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७ सालचा, आजच्या चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारीचा. ज्यू. हिटलरची सावली युरोपवर पसरत असताना, १९३४ साली, तो मुंबईला आला, इथलं संगीत कान देऊन शिकला आणि रेडिओवर काम करू लागला. धून १९३६ ची. १९४६ साली तो भारतातून निघून गेला, म्हणजे स्वातंत्र्याची पहाट त्याने इथून पाहिली नाही, पण तिच्यानंतरच्या हजारो पहाटी त्याच्या सुरांनी उजाडल्या. घर सुटलेल्या माणसाने आम्हाला घराचा आवाज दिला आणि आम्हाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मला ते चाळिशीत कळलं. त्या रात्री मी ती धून शोधून लावली आणि आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, “दूध तापवायची वेळ झाली.” रात्रीचे अकरा वाजले होते.

पोत्यातून एक कंदीलही निघाला. ‘प्रभाकर’, ओगल्यांचा. काच नव्हती, जाळीला गंज, पण टाकीवरचं नाव बोटाने चाचपता येत होतं. ही कथा एचएमटीच्याही आधीची. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने पैसा फंड काढला: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी कारखाने उभे करायचे. लोकमान्यांनी त्याला बळ दिलं आणि तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या काचेच्या वेडातूनच पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली. पारतंत्र्यातल्या खेड्यात अंधार पडल्यावर लावायच्या दिव्याला ‘सूर्य’ म्हणायचं! किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सगळं आमच्या घरापासून फार लांब नाही. आजोबा कंदिलाची काच राखेने पुसायचे तेव्हा ते देशकार्य वगैरे करत नव्हते, अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी उजेड करत होते. तरीही तो कंदील विकत घेताना त्यांनी परदेशी कंदील बाजूला सारला होता, एवढं ते आवर्जून सांगत.

जुन्या वस्तूंचे फोटो हल्ली मोबाइलवर सतत येत असतात. जनता घड्याळ, निळं अंतर्देशीय, रेडिओ, चेतक, आरशाचं लोखंडी कपाट. खाली प्रश्न असतो, ‘आठवतंय का?’ मला आठवतं. गळा दाटून येतो, ते खोटं नाही. पण त्या आठवणीत बरंच गाळलेलंही असतं. चेतकसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबत. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात वार्षिक फी भरून परवाना घ्यावा लागे. सगळ्यांकडे सारखीच वस्तू दिसे, कारण दुकानात दुसरी नसे. आज ज्याला आपण ‘तेव्हा सगळं सारखं होतं’ म्हणून उसासतो तो सारखेपणा पुष्कळसा टंचाईतून आला होता. हे कबूल करून टाकलं की मला उलट मोकळं वाटतं. मग उरतं ते तपासता येतं.

आणि उरतं. ते मला २००९ साली चेन्नईत सापडलं.

कामानिमित्त तीन महिने मी मैलापूरला एका घरी भाड्याने राहत होते. भाषा येत नव्हती. घरमालकीणबाईंना सगळे मामी म्हणत, मीही म्हणायला लागले. पहिल्या सकाळी त्यांनी स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून दिली, खाली पसरट वाटीसारखा डवरा. त्या स्टीलला त्या एव्हरसिल्व्हर म्हणायच्या. पेला भाजत होता म्हणून मी काठाला धरला आणि बोटांना ठिपके लागले. तमिळमध्ये नाव घातलं होतं. मला एक अक्षर वाचता आलं नाही. पण तीच छिन्नी, तीच हातोडी, शेवटाकडे तसंच थोडं वर चढत गेलेलं अक्षर. मी पेला मामींपुढे धरला आणि हाताने लिहिल्यासारखं करून विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. आधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग त्यांचं नाव, मग तारीख, असं एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं आणि मग गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. लग्नातला पेला.

शाळेत रोज प्रतिज्ञा म्हटली, झेंड्याला सलाम केला, क्रिकेटच्या सामन्यात ओरडले. ते सगळं खरं होतं. पण हा देश माझा आहे हे अंगातून कळलं ते त्या पेल्यावर. लिपी परकी, ठिपके ओळखीचे. हजार कोसांवरच्या एका मुलीचे वडीलसुद्धा भांड्याच्या दुकानात कागदावर मजकूर लिहून घेऊन गेले होते.

नावाचीच आणखी एक गोष्ट मला अलीकडे पछाडते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीची, १९५१-५२ ची. मतदार याद्या करणारे दारात आले तेव्हा कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद करा म्हणाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती नोंद नाकारली. नाव हवं, स्वतःचं. शेवटी सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. आकडा वाचून आधी मला राग आला, की असं कसं वगळलं. मग वाटलं, त्या दारात उभ्या राहिलेल्या सरकारी माणसाने कदाचित जन्मात पहिल्यांदा त्या बाईला विचारलं असेल, बाई, तुझं नाव काय? कपाटं आणि कुलपं करणाऱ्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात त्या निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या तयार झाल्या. अक्षर न येणाऱ्यासाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह. माझ्या मनात जुन्या वस्तूंची मांडणी करायची झाली तर मधोमध ती पेटी असेल, घड्याळ नव्हे.

आमच्या घरात एक वस्तू अशी होती जिच्यावर नाव नव्हतं. मोरीच्या वरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असायचा. मावशींचा. त्या धुणंभांडी करायच्या, चहा त्या कपात घ्यायच्या, दाराशी बसून, आणि स्वतःच विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. आजी मायाळू होती. मावशींच्या मुलाची फी तिने भरली आहे, बाळंतपणाला तूप पाठवलं आहे. पण कप वेगळा तो वेगळाच. मी कॉलेजात गेल्यावर एकदा त्यांना आमच्यातल्या कपात चहा दिला, तर त्याच अवघडल्या आणि तो कप त्यांनी तीनदा धुतला. नाव घातलेली जी भांडी त्या रोज घासत, त्यांतल्या एकातूनही त्यांनी आमच्याकडे कधी पाणी प्यायलं नाही. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न मी मावशींना विचारला तर त्या कशाला हो म्हणतील? जनता घड्याळ त्यांच्या घरी नव्हतं. रेडिओ त्यांनी ऐकला तो आमच्या मोरीतून.

वाटणीच्या दिवशी आम्ही मावशींनाही बोलावलं होतं. साठी उलटली आहे, गुडघे धरतात. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला हवं ते घ्या. त्यांनी बराच वेळ काहीच घेतलं नाही. मग मोठं ठोक्याचं पातेलं ओढलं, उलटंपालटं केलं, काठावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं.

“का हो?”

“ताई, ह्याच्यावर तुमच्या घरचं नाव हाय. आमच्याकडं लोक म्हनतील, उचलून आनलं.”

मी काय बोलणार होते? त्यांना वाचता येत नाही. पण चाळीस वर्षं घासून कुठल्या भांड्यावर कुठे काय लिहिलंय हे त्यांच्या अंगठ्याला पाठ होतं. चांगलं पातेलं, त्यांना आवडलेलं, आणि आमच्या नावामुळे त्यांना ते घेता येत नव्हतं. आत्या म्हणाली, नवं घेऊन देऊ. मावशी हो म्हणाल्या, पण पातेल्याकडे पाहतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते पातेलं घेऊन मी बाजारात गेले. पायरीवर आता कुणी बसत नाही, आत काउंटरपाशी यंत्र आहे. दुकानदाराने काठ पाहिला. “जुनं नाव जात नाही ताई. घासलं तर भांडं पातळ होईल. खाली दुसरं घालता येईल.” मी म्हटलं, घाला. त्याने कागद-पेन पुढे केलं.

कागदावर मी ‘सौ.’ लिहिलं आणि थांबले. पुढे काय? ‘मावशी’ एवढंच मला येत होतं. आईला फोन केला, तिलाही फक्त आडनाव आठवलं. शेवटी मावशींनाच लावला. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सावकाश, मी एकेक अक्षर लिहीत असताना. मग विचारलं, “तारीख बी घालत्यात न्हवं?”

“घालतात. कुठली घालू?”

फोनवर थोडा वेळ नुसता त्यांच्या गल्लीतला आवाज येत राहिला.

“तुमच्याकडं लागले तवाची घाला. पाडवा होता. साल तुमी बघा, तुमी तिसरीत होता.”

मी बोटांवर मोजलं आणि नावाखाली लिहिलं, गुढीपाडवा १९८६. दुकानदाराने कागद मोठ्याने वाचून दाखवला, अनुस्वारांसकट, आणि यंत्र सुरू केलं.